चाकावरची गिरणी

"लिवा," ती म्हणायची आणि उभीच राहायची.

समोर खुर्ची होती. चांगली लोखंडी, नवी गादी घातलेली. मी तीनदा म्हणालो, बसा बाई. चौथ्यांदा जरा आवाज चढवून म्हणालो. "बसले की अंग धरतं माझं," ती म्हणाली, "तुमी लिवा." आणि काउंटरला डावं कोपर टेकून ती या पायावरचा भार त्या पायावर, त्या पायावरचा या पायावर करत राहिली. समोर माणूस असा हलत असला की माझं अक्षर बिघडतं. आणि अक्षराचा मला, आता लपवून काय करू, गर्वच होता.

मी तेव्हा माजलगावात एका सहकारी पतसंस्थेत कारकून होतो. धरण मृतसाठ्यावर आलं होतं, सिंदफणेच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत होती, आणि ऊस लावलेल्यांनी तो उभ्या उभ्या जनावरांना घातला होता. अशा वर्षी आमच्या संस्थेनं बायकांना छोट्या धंद्यासाठी कर्ज द्यायची योजना काढली. अट एकच, अर्जासोबत प्रकल्प अहवाल पाहिजे. म्हणजे धंदा काय, कुठं, गिऱ्हाईक कोण, स्पर्धक कोण, जोखीम काय, हे सगळं आठ पानांवर लिहून पाहिजे. आता हे कोण लिहिणार? मीच. शेळीपालन, शिलाई मशीन, पापड, पिठाची गिरणी, असे चार नमुने मी करून ठेवले होते. बाई आली की नमुना काढायचा आणि नाव बदलायचं. साहेब खूश, बाई खूश, मी चहाला मोकळा.

ही गिरणी म्हणाली तेव्हा मी गिरणीचा नमुना काढला.

"गाव कोणतं?"

तिनं दिंद्रुडच्या पुढचं एक गाव सांगितलं. त्याचं नाव राहू द्या.

"पर गिरणी गावात न्हाई बशिवायची."

"मग कुठं?"

"चाकावर."

मी पेन खाली ठेवलं. तिनं जे सांगितलं ते तुम्हीही ऐकून घ्या, कारण मी अशी योजना त्याआधी ऐकली नव्हती. दसरा झाला की तिचं अख्खं गाव ऊसतोडीला जातं. आमच्याकडं त्याला 'कारखान्याला जाणं' म्हणतात. तिथं रानात पाचटाच्या खोपी घालून लोक राहतात, त्याला तळ म्हणतात. पहाटे ऊस तोडायला लागायचं, दुपारी मोळ्या बांधून गाडी भरायची, आणि मग बाईनं ज्वारीचा डबा डोक्यावर घेऊन जवळच्या गावातली गिरणी गाठायची. तिथला गिरणीवाला आधी आपल्या गावाचं दळणार. ऊस तोडणारे टोळीवाले मागं. त्यांची पाळी येते तोवर लाइट जाते.

"आमची टायरगाडी हाय. तिच्यावर डिझेल इंजन अन् गिरणी बशिवायची. मालक बैल हाकतील, मी दळन दळीन. आज ह्या तळावर, उद्या त्या."

"असं कुठं असतं का, बाई?"

"न्हाईच कुठं. मीच हिंडलेय की डबा घिऊन, मला मालूम न्हाई व्हय?"

नमुना बाजूला ठेवून कोरा कागद घेणं मला भाग पडलं. मला राग आला होता, खरं सांगतो. दुपारचे चार वाजले होते.

पहिला प्रश्न होता, व्यवसाय सुरू करण्याचं कारण. ती म्हणाली, "खांदा."

मागच्या हंगामात मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना तिचा पाय घसरला होता. उजवा हात आता कानाच्या वर जात नव्हता. तिनं नेऊन दाखवला. "हितपर्यंतच जातो. म्होरं न्हाई." आता ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. हिशेब जोडीचाच. त्यातलं एक गळलं की उरला अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळी नेणारा मुकादम दारात उभा करत नाही. जोडी पुरी करावी लागते.

"पोरगी नववीत हाय," ती म्हणाली. "मी न्हाई गेले तर मुकादम तिला मोजनार. गिरणी झाली तर मालक बी माझ्यासंगं, मग कोयता कशाला पुरा करायचा? दसऱ्याच्या आत करा म्हंजे झालं."

हे सगळं ऐकून मी त्या रकान्यात काय लिहिलं असेल? 'आर्थिक स्वावलंबनासाठी.' नमुन्यात तेच होतं. हात आपोआप गेला.

पण पुढचे रकाने मला काही नमुन्यातून भरता आले नाहीत. गिऱ्हाईक किती, असं विचारलं तर तिनं डोळे मिटले आणि डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवत एकेक तळ सांगत गेली. कॅनॉलच्या कडेचा तळ, पिंपळाखालचा, कारखान्याच्या मागचा. कुठं किती कोयते, कुठल्या टोळीत ज्वारी खातात, कुठल्या टोळीत बाजरी, कुठं बायका दुपारीच मोकळ्या होतात आणि कुठं दिवेलागणीला. तळापासून तळाला बैलांना किती वेळ लागतो तेही. मी लिहिता लिहिता थकलो. बाजारपेठेचं सर्वेक्षण म्हणतात ते मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होतो, आणि सांगणारी बाई सही करण्यापुरतं शिकलेली.

"स्पर्धक कोण?"

"म्हंजे?"

"म्हणजे तुमच्या धंद्याला आडवं येणारं कोण?"

तिनं जरा विचार केला. "भात."

"भात?"

"दमली की बाई भात टाकती. दळायला नको, थापायला नको. पोरं मागत्यात भाकर, पर करनार कोन? माझ्या गिरणीचा दुश्मन भातच. लिवा."

मी लिहिलं. हसू येत होतं तरी लिहिलं. मग जोखीम आली. दुष्काळात जोखीम म्हटली की मी डोळे झाकून 'अपुरा पाऊस' लिहीत असे. तेच लिहायला गेलो.

"काय लिवलं?"

"पाऊस कमी पडला तर."

"कमी न्हाई, जास्त. अवकाळी आला की गाडी रानात रुतंल."

"अहो बाई, दुष्काळ पडलाय! माणसं पावसाकडं डोळे लावून बसलीत आणि तुम्ही पावसाची भीती घालता?"

"दुष्काळात धंदा वाढंल माझा," ती म्हणाली. हलणं चालूच. "पिकलं न्हाई की जास्ती लोक कारखान्याला येत्यात. ज्यांनी कधी कोयता धरला न्हाई ते बी येत्यात." मग म्हणाली, "हे नगा लिवू. वाईट दिसंल."

मी नाही लिहिलं. पण त्या बाईचा हिशेब किती खरा होता ते तुम्हाला-मला कळतंच.

त्या उन्हाळ्यात आणि पुढं श्रावणात ती कितीतरी वेळा आली. येणं म्हणजे कसलं, वाऱ्यासारखी यायची, दारातूनच विचारायची, "झालं का?" बैल चारा छावणीत होते, त्यांना पाणी दाखवायला परत पळायचं असायचं. मी म्हणायचो, बाई, अहवाल म्हणजे काय भाकरी आहे का तव्यावर टाकली की झाली? "भाकर बी अशी आपुआप व्हत न्हाई, भाऊ," ती म्हणायची आणि निघायची.

एकदा गिरण्या विकणारा यंत्रवाला स्वतःच दुकान सोडून माझ्याकडं आला. पोट धरून हसत होता. ही त्याच्याकडं कोटेशन आणायला गेली होती. कोटेशन राहिलं बाजूला, पदराच्या गाठीतून पसाभर ज्वारी सोडली आणि म्हणाली, दळून दाखवा. त्यानं दळून दाखवली. तिनं पीठ चिमटीत घेऊन चोळलं, जिभेवर ठेवलं. "दगड तापतोय तुमचा. पीठ कडू व्हतंय." त्यानं दगडाच्या पाट्या बदलल्या. मग म्हणाली, इंजन मी चालू करून बघते. उजवा हात चालत नव्हता, तर डाव्या हातानं हँडल मारायला लागली. दोनदा हँडल उलटं फिरून मनगटावर बसलं. तिसऱ्यांदा इंजिन लागलं. दुकानभर धूर, आणि ही धुरात उभी राहून म्हणतेय, "आता कोटेशन द्या."

"अवघड बाई हाय बे," यंत्रवाला मला म्हणाला. पण कोटेशन त्यानं डिझेल इंजिनाचंच दिलं होतं. हे लक्षात ठेवा.

अहवाल घेऊन मी साहेबांकडं गेलो. आमचे मॅनेजर साहेब वाईट माणूस नव्हते, पण त्यांना प्रत्येक गोष्ट बोट ठेवायला जागेवर लागायची. त्यांनी पहिलंच पान वाचलं, आणि 'व्यवसायाचे ठिकाण' या रकान्यावर बोट ठेवलं. मी तिथं तिच्या सांगण्यावरून 'फिरते' असं लिहिलं होतं.

"फिरते म्हणजे? पाहणी कुठं करायची आम्ही? उसात?"

मी काहीबाही बोललो.

"हे बघा, ठिकाण नाही तर प्रकरण नाही. दुरुस्त करून आणा, नाहीतर परत द्या बाईंना."

आता तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं? मला वाटलं, एवढी धडपडी बाई, एका रकान्यापायी कशाला अडवायची? मी जागेवर आलो आणि दुरुस्त केलं. ठिकाण, स्वतःचं राहतं घर. ठिकाण घर म्हटल्यावर वीज आली. वीज म्हटल्यावर इंजिनाऐवजी मोटर. यंत्रवाल्याकडून कोटेशनही मोटरीचं आणवलं. टायरगाडी, बैल, तळ, सगळं गाळलं. आठ पानं अशी गुळगुळीत झाली की साहेबांनी एक खूण केली नाही. त्या दिवशी मी स्वतःवर खूश होतो. लाज वाटते सांगायला, पण होतो.

सही घ्यायच्या दिवशी मी तिला सगळं वाचून दाखवलं. लपवलं नाही, एवढं मात्र माझ्या बाजूनं म्हणता येईल. ठिकाणाचं वाक्य आलं आणि तिचं हलणं थांबलं.

"हे तर गावात झालं की, भाऊ."

"कागदापुरतं हो."

"गावात दसऱ्यानंतर कोन हाय? सात म्हातारी अन् दोन कुत्री."

"कागदावर ठिकाण लागतं, बाई. साहेब त्याशिवाय हात लावत नाहीत."

"अन् इंजन?"

"मोटर लिहिलीय. मंजूर झालं की दुकानातून बदलून घेऊ."

"बदलून देत्याल?"

"देतील. माझी जबाबदारी."

किती सहज म्हणालो मी! तिनं माझ्याकडं बघितलं, मग कागदाकडं. "कावून पायजे ह्यांला ठिकान?" असं स्वतःशीच पुटपुटली आणि सही केली.

पोळ्यानंतर मंजुरी आली. आमची संस्था पैसे हातात देत नसे, यंत्रवाल्याला परस्पर देई. त्यामुळं बिलात मोटर, म्हणून गिरणीबरोबर मोटरच तिच्या दारात उतरली. संस्थेचा माणूस सोबत गेला होता. त्यानं उभं राहून सिमेंटचा ओटा करून घेतला, चार बोल्ट पुरून गिरणी आवळली, संस्थेच्या नावाची पाटी लावली, फोटो काढला आणि तेव्हाच जागा सोडली. नियम होता तसा. मी यंत्रवाल्याकडं धावलो. तो म्हणाला, बिलावर मोटर आहे, इंजिन दिलं तर माझं बिल खोटं ठरतं, माझा धंदा बसवता का? मी साहेबांकडं गेलो. साहेबांनी चष्म्यावरून एकदाच बघितलं आणि विचारलं, "मोटर कुणी लिहिली होती?"

दसऱ्याला चार दिवस राहिले असताना ती आली. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांत भांडीकुंडी, कोंबड्या, खोपीचे बांबू भरून लोक निघायला लागले होते. ती काउंटरपाशी आली, खुर्ची ओढली आणि बसली.

मला ते बघवेना.

"मुकादम येऊन गेला," ती म्हणाली. "पोरीचं नाव सांगून गेलाय. म्हनला, हात नसंल चालत तर पोरगी हाय की, चांगली हाडापेरानं."

"मी बघतो काहीतरी," मी म्हणालो.

"तुमी नगा बघू आता." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "मी गिरणी चाकावर म्हनलं व्हतं, तुमी तिचे पाय बांधले. लई चांगलं लिवलं, भाऊ, पर माझं न्हाई लिवलं."

ती उठली आणि गेली. त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं काय झालं, तर तिच्यावरच खेकसलो. माझं सुंदर अक्षर मला त्या आठवड्यात नकोसं झालं होतं. दसऱ्याला सोनं वाटायला कुणाच्या घरी गेलो नाही. रस्त्यानं ट्रॉली गेली की आत बघायचो, त्यात एखादी शाळेच्या वयाची पोर आहे का म्हणून. आणि पोरी दिसायच्याच हो, एक नाही, कितीतरी.

दिवाळीनंतर संस्थेनं मला पाहणीला पाठवलं. दिंद्रुडला उतरून पायी गेलो. गावात शिरताच कळलं, ती म्हणाली होती तेच खरं. दाराला कुलूप, दाराला कुलूप. तिच्याही दाराला कुलूप. शेजारी ओटा होता. ओट्यावर चार बोल्ट उभे होते आणि गिरणी नव्हती.

समोरच्या पडवीत एक म्हातारा बसला होता. मी विचारलं, "आबा, इथली गिरणी?"

"कारखान्याला गेली," तो म्हणाला. माणसाबद्दल सांगावं तसं सांगितलं.

मग सगळं कळलं. म्हाताऱ्याची विहीर कोरडी ठाक पडली होती आणि विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन दोन वर्षं पडून होतं. "आली दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. म्हनली, आबा, इंजन द्या, मोटर ठिवून घ्या. म्या म्हनलं, ने बाई, हितं उपसायला काय हाय? पाना घिऊन तिनंच खोलले बोल्ट. डाव्या हातानं. मालक नुस्ता गिरणी धरून हुबा. इंजन लागंना लवकर. लई हाँडल मारले तिनं. लागलं तवा समदं गाव ट्रॉलीतून उतरून बघाया आलतं." मोटर त्यानं पोत्यात गुंडाळून घरात ठेवली होती. विहिरीला पाणी आलं की बसवायची म्हणाला.

पाहणीच्या फॉर्मवर मी काय लिहिलं ते सांगून टाकतो. 'यंत्र सुस्थितीत व चालू.' मी ते बघितलेलं नव्हतं, पण त्याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. यंत्र कुठं आहे, त्यापुढं लिहिलं, 'गिऱ्हाइकांकडे.' साहेबांनी आरडाओरडा केला, मला प्रकल्प अहवालांवरून काढून ठेवींच्या काउंटरला बसवलं. हप्ते मात्र कुणा ना कुणाच्या हातून वेळेवर येत गेले, म्हणून प्रकरण पुढं वाढलं नाही. ती स्वतः पुन्हा कधी आमच्या पायरीला आली नाही. कुणी म्हणे, गाडी आता कर्नाटकात असते. कुणी म्हणे, दोन गाड्या केल्यात. मी एकदा रजा काढून तिकडच्या एका कारखान्यापर्यंत गेलोही. तळावरच्या बायका म्हणाल्या, काल व्हती, आज म्होरं गेली. पुढच्या तळावरही तेच. तिला गाठणं काही मला जमलं नाही.

पण एक सांगायचं राहिलं. त्या पाहणीच्या दिवशी उठता उठता मी म्हाताऱ्याला विचारलं, "आणि पोरगी?" "पोरगी साळंत," तो म्हणाला. "दिंद्रुडला. कारखान्याला गेलेल्यांच्या पोरांला ठिवत्यात तितं."

एसटीला तास होता. माझं शाळेत काही काम नव्हतं, तरी गेलो. का गेलो? बघायचं होतं, दुसरं काय. हेडमास्तरांना तिच्या आईचं नाव सांगितलं. त्यांनी मला नीट न्याहाळलं, ओळखपत्र मागितलं, मग शिपायाला पाठवलं.

ती ऑफिसच्या दारापर्यंत आली आणि थांबली. काटकुळी पोर, दोन वेण्या, हातात उघडी वही तशीच. खिशाला पेन आणि काखेत पिशवी असलेला अनोळखी माणूस तिनं बघितला. मी तोंड उघडायच्या आधीच ती म्हणाली, "मी येनार न्हाई."

मला समजेना.

"आई म्हनलीय, कुनी बी आलं तरी जायचं न्हाई. मी येनार न्हाई."

हेडमास्तर हळूच म्हणाले, "हंगामात कुणी मुलीला विचारत आलं की न्यायलाच आलेलं असतं, साहेब. या महिन्यात दोन गेल्या."

"तुला न्यायला नाही आलो गं," मी म्हणालो. "माजलगावच्या संस्थेतून आलोय. तुझ्या आईचा अहवाल मीच..." आणि पुढं काय सांगणार होतो मी तिला? तिनं ऐकलंही नाही. वही खाली पडली होती आणि दाराची चौकट तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"नको येऊस," मी म्हणालो. "कुणी आलं तरी नको येऊस."

मी तिच्या शेजारून वाट काढून बाहेर पडलो. फाटकाशी पोचून मागं बघितलं, तेव्हाही तिनं चौकट सोडलेली नव्हती.